डिस्प्ले गेलेले जुने मोबाईल टबवाल्याला द्यावेत का? आत पॉलिसीवाल्यांचे आधार-पॅन आहेत

गावभाग_सांगली

नमस्कार. प्रश्न लांबलचक आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय कुणाला नीट उत्तर देता येणार नाही.

आमच्या गल्लीत एक टबवाला येतो. गाडीला टब, बादल्या, घमेली टांगलेली आणि स्पीकरवर सारखं चालू, "बंद मोबाईल, फुटके मोबाईल, डिस्प्ले गेलेले मोबाईल द्या". सासूबाईंनी त्यातला एक मोठा निळा टब हेरून ठेवलाय. ड्रॉवरमध्ये पडलेले मोबाईल देऊन टाक म्हणून मागं लागल्यात. त्यांचंही चूक नाही, ड्रॉवर उघडत नाही आता.

अडचण अशी की मी विम्याचं आणि पोस्टाच्या बचत योजनांचं एजंटचं काम करते. लोक फॉर्मला लागणारं सगळं व्हॉट्सॲपवर टाकतात. आधार दोन्ही बाजूंनी, पॅन, कॅन्सल चेक, पासबुकाचं पहिलं पान, शुगर-बीपीचे रिपोर्ट. तासगावकडचे बागायतदार तर न मागता सातबारासुद्धा पाठवतात. माझे स्वतःचे फोटो कुणी बघितले तर मुलांची गॅदरिंग आणि हळदीकुंकू दिसेल, बघू देत. पण ही कागदं दुसऱ्यांची आहेत.

ड्रॉवरमधली मंडळी अशी:

माझा सध्याचा फोन, २०२० सालचा. चालू आहे, नवीन घेताना एक्सचेंजला द्यायचाय.

त्याच्या आधीचा. खाली पडून डिस्प्ले काळा झाला. आत मात्र जिवंत असावा, कारण चार्जिंगला लावला की सकाळचा अलार्म अजून वाजतो.

माझा पहिला स्मार्टफोन, अँड्रॉइड ४.४. रडतखडत चालतो. त्यात मेमरी कार्डही आहे.

मिस्टरांचा २०१७ मधला फोन. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पाण्यात गेला तो गेलाच. त्यानंतर सुरू झाला नाही.

सासऱ्यांचा बटणांचा फोन. त्यांना आता ऐकू कमी येतं, त्यामुळे वापरत नाहीत. सिम आतच आहे.

यातले कुठले द्यायला हरकत नाही, आणि द्यायच्या आधी काय करायचं? चालू फोनातले फोटो मी एकेक करून डिलीट करायला घेतलेत, पण हजारो आहेत.

कुपवाडकर_९६

एवढा विचार नका करू काकू. सेटिंगमध्ये जाऊन फॅक्टरी रीसेट मारा, विषय संपला. हजारो फोटो हातानं कशाला डिलीट करत बसताय?

जॅकपिन

ताई, सगळ्यात आधी ते एकेक फोटो डिलीट करणं थांबवा. गूगल फोटोजचं बॅकअप चालू असेल तर त्या ॲपमधून इथं उडवलेला फोटो खात्यातूनही उडतो, म्हणजे नव्या फोनातही दिसणार नाही. महिन्याला एखादं तरी गिऱ्हाईक रडत येतं, "जुन्यातले काढले तर नव्यातले पण गेले" म्हणून. ट्रॅशमध्ये बघा, बॅकअप झालेले फोटो तिथं ६० दिवस राहतात, तेवढ्यात परत आणता येतात.

मी सांगलीतच मोबाईल दुरुस्ती करतो. दुकानाचं नाव सांगत नाही, नाहीतर जाहिरात म्हणाल.

कुपवाडकर भावाचं बरोबर आहे, पण तुमच्या एका फोनापुरतं. तुमच्या ड्रॉवरमध्ये पाच वेगळ्या गोष्टी आहेत आणि सरळ रीसेट मारता येईल असे त्यातले स्मार्टफोन दोनच. आमच्या धंद्यात मी कायम बघतो, लोक चालू फोन विकताना दहादा विचारतात, "नीट पुसला ना हो?" आणि डिस्प्ले गेलेला फोन तसाच भंगारात टाकतात. पाहिजे याच्या उलटं. डेटा डिस्प्लेत नसतो, बोर्डावरच्या मेमरी चिपमध्ये असतो. डिस्प्ले गेला म्हणजे फक्त तुम्हाला दिसायचं बंद झालं. दुसरा कॉम्बो, म्हणजे काच आणि डिस्प्लेचा जोड, लावला की तोच फोन, तेच व्हॉट्सॲप, तेच आधार कार्ड. त्या टबवाल्याच्या स्पीकरवर "बंद, फुटके" हेच शब्द का असतात, बघा विचार करून.

सगळे टबवाले चोर आहेत असं मी म्हणत नाही. बहुतेक माल पार्टला जातो, कॅमेरा, स्पीकर, बोर्ड असा सुटा विकला जातो. पण २०२४ च्या ऑगस्टमध्ये तेलंगणात रामगुंडमच्या पोलिसांनी बिहारच्या तिघांना धरलं होतं. गावोगाव फिरून जुने फोन गोळा करायचे आणि ते सायबर फसवणूक करणाऱ्या टोळ्यांना पुरवायचे, असा आरोप होता. गोण्यांत भरलेले चार हजारांच्या आसपास फोन सापडले. तिथं त्यांना तुमचे फोटो नको असतात, चालता बोर्ड आणि दुसऱ्या कुणाच्या वापरातला आयएमईआय, म्हणजे त्या फोनाचा स्वतःचा ओळख क्रमांक, पाहिजे असतो. म्हणजे डेटा पुसला तरी फोन कुणाच्या हातात जातोय हा प्रश्न राहतोच.

आता एकेक घेऊ.

२०२० चा चालू फोन. यात काळजीचं कारण सगळ्यात कमी. अँड्रॉइड १० पासून बाजारात येणाऱ्या प्रत्येक नव्या फोनात सगळा डेटा एन्क्रिप्ट होऊनच, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही असा, साठतो. रीसेट केल्यावर आतली कागदं जळत नाहीत, तिजोरीची किल्ली तेवढी वितळवली जाते. तिजोरी कुणीही उचलून न्यावी, उघडत नाही. त्यामुळे ते "डिलीट केलेले फोटो परत आणा" वाले व्हिडिओ बघून घाबरू नका, नीट रीसेट झालेल्या अलीकडच्या फोनातून काही निघत नाही. माझ्याकडंही लोक येतात, चुकून रीसेट झाला, लग्नाचे फोटो काढून द्या म्हणून. हात जोडतो.

पण रीसेटच्या आधीचा क्रम चुकवू नका. व्हॉट्सॲपचा बॅकअप घ्या, नाहीतर दोन्ही फोन शेजारी ठेवून क्यूआर कोडनं चॅट थेट नव्यात घ्या. आता हा बॅकअप गूगलच्या १५ जीबीत मोजला जातो. तुमच्याकडं एवढी कागदं आहेत म्हणजे जागा भरलेली असणार, अर्ध्यात अडकतो. नवीन फोनात सगळं आलंय हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय जुना पुसू नका. मग सिम आणि मेमरी कार्ड काढा, सेटिंगमधून गूगल खातं काढा. सॅमसंग किंवा शाओमीचं वेगळं खातं असेल तर तेही काढा. त्यानंतर रीसेट, तेही सेटिंगमधूनच. पॉवर आणि व्हॉल्यूमची बटणं दाबून केलेल्या रीसेटनं डेटा जातो, पण फोन नंतर जुनं खातं किंवा जुना लॉक मागत बसतो. याला आम्ही एफआरपी म्हणतो. एक्सचेंजचा माणूस दारात उभा असतो आणि इकडं पासवर्ड आठवत नसतो, हा तमाशा नेहमीचा.

आयफोनवाल्यांसाठी एका ओळीत: फाइंड माय बंद करा, ॲपल खात्यातून साइन आउट व्हा, मग इरेज ऑल कंटेंट अँड सेटिंग्ज.

४.४ वाला फोन. इथं मात्र रीसेटवर विसंबू नका. केंब्रिज विद्यापीठातल्या लॉरेंट सायमन आणि रॉस अँडरसन यांनी २०१५ साली २१ वापरलेले अँड्रॉइड फोन तपासले होते, २.३ पासून ४.३ पर्यंतचे. रीसेट करूनही त्यांतून मेसेज, फोटो, एवढंच काय गूगल खात्यात शिरायचं टोकनसुद्धा निघालं. तुमचा त्यांच्या यादीच्या एक पायरी पुढचा आहे, पण त्याला मी जुन्यातच धरतो. सेटिंगमध्ये सिक्युरिटीत "एन्क्रिप्ट फोन" असा पर्याय मिळेल. आधी पिन लावा, बॅटरी पूर्ण भरा, चार्जर लावून ठेवा आणि ते चालू करा. तास-दोन तास लागतील, मध्ये बंद करू नका. झालं की रीसेट. एवढी जुनी बॅटरी दम टाकत असेल तर दुसरी वाट आहे: रीसेट करा, कुठलंही खातं न घालता कॅमेरा चालू करून फोन टेबलावर पालथा ठेवा आणि जागा भरेपर्यंत अंधाराचं रेकॉर्डिंग होऊ दे. मग पुन्हा रीसेट. शंभर टक्के नाही, पण भंगारात येणाऱ्या फोनामागं कुणी प्रयोगशाळा घेऊन बसत नाही.

अलार्मवाला फोन. हाच तुमच्या ड्रॉवरमधला सगळ्यात धोक्याचा. अलार्म वाजतोय म्हणजे बोर्ड ठणठणीत आहे. दुरुस्तीवाल्याकडं न्या आणि सांगा, "डिस्प्ले बदलायचा नाही, तात्पुरता कॉम्बो जोडून रीसेट मारायचाय." मागचं झाकण काढून टेस्टिंगचा डिस्प्ले नुसता बोर्डाला जोडतात, चिकटवत नाहीत. तुम्ही तुमच्या हातानं पॅटर्न काढा, खातं काढा, रीसेट मारा, परत घेऊन या. चित्र दिसतंय पण टच चालत नाही, अशी केस असेल तर ओटीजीला, म्हणजे फोनाच्या चार्जिंगच्या खाचेत बसणाऱ्या छोट्या जोडणीला, साधा माऊस जोडून घरीच होतं. फोन चालू आणि नेटवर असेल तर गूगलच्या "फाइंड" सेवेतून लांबूनही पुसता येतो, पण मेमरी कार्ड त्यातून पुसलं जाईलच असं नाही.

बाकीचे दोन रात्री लिहितो, दुकानात गर्दी आहे.

निवृत्त_कॅशियर_मिरज

जॅकपिन यांनी फोनचं सांगितलं, मी पैशाचं सांगतो. आयुष्य बँकेच्या काउंटरमागं गेलं.

यूपीआयची लोकांना उगाच धास्ती असते. ते ॲप सुरू करताना तुमच्या सिमवरून एक एसएमएस जातो आणि त्या नंबराची त्या फोनाशी गाठ मारली जाते. पिन फोनात साठत नाही. रीसेट केलेल्या फोनात दुसऱ्यानं स्वतःचं सिम घातलं तर तुमचं खातं त्याला दिसणार नाही.

माझा जीव अडकलाय तो तुमच्या सासऱ्यांच्या बटणाच्या फोनात. त्या सिमचा नंबर त्यांच्या पेन्शनच्या खात्याला आणि आधारला जोडलेला आहे का, हे पाहा. रिचार्ज थांबला की नंबर कधीतरी बंद होतो, आणि बंद झालेला नंबर ९० दिवसांनंतर कंपनी दुसऱ्या ग्राहकाला देऊ शकते. मग बँकेचे ओटीपी त्या परक्या माणसाकडं. म्हणून फोन टाकायच्या आधी बँकेत जाऊन नंबर बदला. आधारचा नंबरही बदलून घ्या. आधार केंद्रावर ते होतं, तिथं त्यांना स्वतः जावं लागेल, ओळख पटवायला बोटाचा ठसा वगैरे द्यायला लागतो.

आणि त्या फोनातली नावांची यादी एकदा वाचा. आमच्या वयाची माणसं एटीएमचा पिन "एटीएम पाटील" अशा नावानं नंबर म्हणून साठवतात. मी काउंटरवर बसून अशा पाटलांचे आणि जोशांचे बरेच नंबर पाहिलेत.

गावभाग_सांगली

बापरे, बरं झालं विचारलं. काका, तुमचा अंदाज खरा निघाला. "एटीएम अण्णा" सापडले.

फोटो ट्रॅशमधून परत आणले, त्याबद्दल जॅकपिन दादांचे आभार. पण एक विचारते, राग मानू नका. डिस्प्ले जोडून रीसेट करायला फोन दुकानात द्यायचा, तर दुकानातला मुलगा आत बघणार नाही कशावरून? दुसरं, पुरातल्या फोनात माझ्या नणंदेच्या साखरपुड्याचे फोटो आहेत, ते निघाले तर मिस्टरांना हवे आहेत. नाही निघाले तर तो मेलेलाच आहे, मग तरी टबवाल्याला चालेल ना?

जॅकपिन

राग कसला, रास्त प्रश्न आहे. कुठल्याही दुरुस्तीच्या दुकानात मागचा ट्रे बघा. प्रत्येक फोनाच्या पाठीला पांढरी पट्टी, तिच्यावर नाव, नंबर, आणि शेजारी नऊ ठिपके काढून त्यात गिऱ्हाइकाचा पॅटर्न. संध्याकाळपर्यंत तो ट्रे येणारा-जाणारा सगळा बघत असतो. मी हे बंद केलंय, पण आमच्या लाइनीत सर्रास चालतं आणि त्यात कुणाला काही वाटत नाही. मला वाटतं की वाटायला पाहिजे.

तर नियम एकच धरा: पॅटर्न सांगायचा नाही, लिहून द्यायचा नाही, समोर बसून आपण काढायचा. जो दुकानदार "ठेवून जा, उद्या या" म्हणेल त्याला म्हणा उद्याच येते, आणि फोन परत घेऊन या. बॅटरी, चार्जिंग जॅक, स्पीकर या कामांना पॅटर्न लागतच नाही, उगाच मागतात. डिस्प्ले टाकल्यावर टच तपासायला लागतो, तेवढ्यापुरतं आपण उघडून द्यायचं. सॅमसंगच्या अलीकडच्या फोनांत मेंटेनन्स मोड म्हणून आहे. तो लावला की दुरुस्तीवाल्याला फोन चालवून बघता येतो, तुमचे फोटो-मेसेज दिसत नाहीत. नव्या फोनात असेल तर शिकून ठेवा.

आता पुरातला फोन. २०१९ आणि २०२१, दोन्ही पुरांनंतर माझ्याकडं असे फोन पोत्यानं आले होते, त्यामुळे यावर मी जरा जास्त बोलणार.

पाण्यात गेलेला फोन मरतो तो बहुतेक वेळा मेमरीमुळं नाही. चार्जिंगच्या लाइनीत, पॉवर आयसीच्या, म्हणजे वीज सांभाळणाऱ्या चिपच्या, आसपास गंज चढतो, कुठंतरी शॉर्ट होतं आणि बोर्ड उठत नाही. मेमरी चिप आत तशीच असते. बोर्ड अल्ट्रासॉनिकमध्ये, म्हणजे ध्वनिलहरींनी साफ करणाऱ्या मशीनमध्ये, धुऊन, शॉर्ट काढून काही फोन उठलेत, अगदी वर्षा-दोन वर्षांनीसुद्धा. पुराच्या पाण्यात गाळ असतो, कृष्णेचा गाळ शील्डच्या, म्हणजे चिपांवरच्या पत्र्याच्या झाकणाच्या, आत जाऊन बसतो, त्यामुळे खात्री कुणी देणार नाही. पण २०१७ चा फोन असेल तर बहुधा एन्क्रिप्टेड आहे. म्हणजे नुसती चिप उपसून दुसरीकडं लावून फोटो मिळणार नाहीत, तोच बोर्ड जिवंत करावा लागेल. त्यामुळे चिप लेव्हलचं काम करणाऱ्याकडं न्या. तो मेलाय की नाही हे आधी त्याला ठरवू द्या. आणि "डेटा काढून देतो" म्हणून आधीच मोठी रक्कम मागणाऱ्याला नमस्कार करा.

यातच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आलं बघा. जो फोन मी तुमच्यासाठी उठवू शकतो, तो दुसराही कुणी उठवू शकतो. मिस्टर फोनाला लॉक लावत होते का? लावत असतील तर उठवणाऱ्यालाही लॉक लागेल, बऱ्यापैकी निर्धास्त राहा. लॉक नसेल तर एन्क्रिप्शन असून उपयोग नाही, फोन उठला की सरळ उघडणार.

फोटो निघाले नाहीत तर त्याच माणसाला सांगा, बॅटरी वेगळी कर आणि शील्ड काढून मेमरी चिप माझ्यासमोर फोड. दोन मिनिटांचं काम आहे. घरी हातोडा-वरवंटा काही घेऊ नका. लिथियमच्या बॅटरीला टोचा बसला की धूर आणि जाळ एकदमच निघतो.

बटणाच्या फोनात मेसेज आणि नावं एवढंच असतं. सिम काढा, रीसेट करा. कोड मागितला तर नोकियाच्या जुन्या फोनांत बहुतेक १२३४५ चालतो.

कोयनाकाठ_कराड

बॅटरीचा विषय निघालाच आहे तर थोडं. फुगलेली असेल तर चार्जिंगला लावूच नका. आणि यातलं काहीही घंटागाडीत टाकू नका, कचऱ्याच्या गाडीत दबून पेटतं.

ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यानुसार जुन्या वस्तूंची पुढची विल्हेवाट लावायची जबाबदारी कंपन्यांवर आहे. फोनच्या कंपनीच्या वेबसाइटवर ई-कचरा म्हणून पान असतं, त्यात जमा करायची सोय दिलेली असते. सर्व्हिस सेंटरला फोन करून विचारून जा, उगाच हेलपाटा नको. रिसायकलरला देत असाल तर तो प्रदूषण नियंत्रण मंडळाकडं नोंदलेला आहे का विचारा. भंगारातला बोर्ड शेवटी कुठल्यातरी शेडमध्ये उघड्यावर जाळला जातो किंवा ॲसिडमध्ये टाकतात, तांबं-सोनं काढायला. ओढ्याकाठी राहणाऱ्यांना विचारा त्या पाण्याचं.

पण रिसायकलरला दिला म्हणजे डेटा सुरक्षित, असं समजू नका. पुसून मगच द्या.

जॅकपिन

कराडकर बरोबर बोलले. त्यात माझी एक भर: चालू फोन माणसाला विकत असाल, नात्यात असला तरी, तर *#०६# दाबून आयएमईआय लिहून घ्या आणि कागदावर तारीख, घेणाऱ्याचं नाव-नंबर, सही. उद्या त्या फोनावरून काही उद्योग झाले तर पोलीस आयएमईआयवरून मागं मागं येतात. तेव्हा हा कागद लागतो.

आणि ताई, व्हॉट्सॲपमध्ये "लिंक्ड डिव्हाइसेस" उघडून बघा. झेरॉक्सवाल्याच्या कॉम्प्युटरवर प्रिंटसाठी कुणी व्हॉट्सॲप वेब उघडलं असेल आणि लॉग आउट केलं नसेल, तर नुसता फोन पुसूनही चॅट तिकडं दिसत राहू शकतात. एजंट लोकांचं हे हमखास असतं. ओळखीचं नाही ते काढून टाका. गूगल खात्याच्या सिक्युरिटीतही "तुमची डिव्हाइसेस" आहे, जुने फोन तिथून साइन आउट करा.

गावभाग_सांगली

बघते आजच. आता एकच राहिलं. जुन्या फोनातलं मेमरी कार्ड. ते नुसतं फॉरमॅट करून मुलाला कॅमेऱ्यासाठी देऊ का? घरातच राहील.

जॅकपिन

घरात राहणार असेल तर द्या की. पण एवढं ध्यानात ठेवा की साध्या फॉरमॅटनं फक्त यादी पुसली जाते, फोटो तिथंच असतात. फुकटातल्या रिकव्हरी सॉफ्टवेअरनं कार्डावरचे फोटो भराभर परत येतात, शाळेतला पोरगा करू शकतो. मुलानं ते कार्ड उद्या मित्राला दिलं तर पॉलिसीवाल्यांचे आधार मित्राच्या घरी. कॉम्प्युटरला लावून क्विक फॉरमॅटची टिकली काढा आणि पूर्ण फॉरमॅट मारा, वेळ लागेल, लागू दे. मग एकदा मोठमोठ्या फाइलींनी काठोकाठ भरा, परत पुसा, आणि मगच द्या.

खरं सांगू का, कागदं दुसऱ्यांची आहेत म्हणताय तर नवीन कार्ड घ्या आणि हे कापून टाका. मजबूत कात्रीनं आडवं-उभं, चार तुकडे. पिनांची पट्टी तेवढी कापून उपयोग नाही, चिप कार्डाच्या बाकीच्या भागात असते. कापताना चष्मा घाला, तुकडे उडतात.